वागळे इस्टेटमधला एक गाळा, पतसंस्थेच्या नोटिसा आणि इंकजेट: एक प्रकरण अभ्यास

ठाण्यातल्या एका छोट्या डायरेक्ट मेल धंद्याची, म्हणजे संस्थांची पत्रं नाव-पत्त्यासह छापून पोस्टात टाकणाऱ्या धंद्याची, ही केस आहे. मालकांची परवानगी घेऊन लिहितोय, पण धंद्याचं आणि क्लायंटचं नाव काढलंय आणि ओळखू येतील असे तपशील बदललेत. मी त्यांच्याकडे बाहेरून डेटा आणि लेआउटचं काम करतो, त्यामुळे बऱ्याच चर्चा समोर बसून ऐकल्यात.

इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणारं मशीन, घेतलं आणि धंदा वाढला, असं एका ओळीत सांगता येतं आणि मशीन विकणारे तसंच सांगतात. इथे वाढ झाली ती पान स्वस्त पडलं म्हणून नाही. पानं ज्या क्रमानं पाकिटात जायची त्याच क्रमानं छापून बाहेर यायला लागली, आणि प्रत्येक पान वेगळं असलं तरी कोणाचं काही अडेनासं झालं, म्हणून झाली. खालचं सगळं त्याच एका मुद्द्याभोवती फिरतं.

पार्श्वभूमी

वागळे इस्टेटमधला जुना गाळा. खाली एक चार कलर ऑफसेट (प्लेट बनवून एकच मजकूर हजारोंनी छापणारं मशीन), एक म्हातारी दोन कलर आणि कटिंग मशीन. पोटमाळ्यावर दोन ब्लॅक लेझर प्रिंटर, एक फोल्डिंग मशीन आणि लांबच लांब टेबलं, ज्यावर आठ-दहा बायका पाकिटं भरायच्या. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, पतसंस्थेचे चेअरमनसुद्धा. त्यांची मुलगी, सगळ्यांची ताई, हिशोब आणि क्लायंट बघते. खाली मशीनवर मामा, जे ऑफसेटच्या आवाजावरून शाई कमी झालीये का ते सांगतात.

काम काय, तर सहकारी बँका आणि पतसंस्थांच्या वार्षिक सभेच्या नोटिसा, लाभांशाची पत्रं, ठेवीची मुदत संपल्याची पत्रं, पॅथॉलॉजी लॅबची चेकअपची पत्रं, गाड्यांच्या डीलरची सर्व्हिसची आठवण, दिवाळीला एका ज्वेलरचं आमंत्रण. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात पत्र कोण पाठवतं असं लोक विचारतात. पतसंस्था पाठवते, कारण आर्थिक वर्ष मार्चला संपतं, सप्टेंबर अखेरपर्यंत वार्षिक सभा घ्यावीच लागते आणि नोटीस १४ दिवस आधी जावी लागते. आणि नोटीस मिळाली नाही म्हणून सभेत माईक हातात घेणारा एक तरी सभासद प्रत्येक संस्थेत असतोच.

कामाची पद्धत सगळीकडे असते तीच. आधी ऑफसेटवर बेस छापायचा, म्हणजे लोगो, मजकूर, सह्या. तो वाळू द्यायचा, नीट वाळू द्यायचा, कारण लेझर प्रिंटरमध्ये टोनर तापवून चिकटवतात आणि अर्धवट वाळलेली ऑफसेटची शाई त्या गरम रोलरला लागून पुढच्या पानांवर उमटते. मग लेझरवर नाव, पत्ता, सभासद क्रमांक, लाभांशाचा आकडा. मग पाकिटावर वेगळा पत्ता. बऱ्याच कामांत आत दोन पानं असतात, पत्र आणि नाव भरून तयार केलेला केवायसीचा किंवा नामनिर्देशनाचा फॉर्म, तो वेगळ्या बेसवर, वेगळ्या प्रिंटरवर. म्हणजे तीन गड्ड्या, आणि त्या तिन्हींतलं एकाच माणसाचं एकेक घेऊन जुळवायचं. याला तिथे मॅचिंग म्हणतात. धंद्याचा अर्धा पगार तिथेच जायचा असं ताईचं म्हणणं, अण्णांना ते पटत नाही.

अडचण

एका पतसंस्थेची लाभांशाची पत्रं छापताना लेझरमध्ये एक पान अडकलं, ऑपरेटरनं ते काढून पुन्हा छापलं पण गड्डीत चुकीच्या जागी ठेवलं, आणि तिथून पुढे पाचशेच्या आसपास पाकिटं एका घरानं सरकली. एकाच्या पत्त्याच्या पाकिटात दुसऱ्याचा लाभांश. संस्था जुनी, सभासद एकमेकांच्या सोसायट्यांमध्ये राहणारे, त्यामुळे कोणाचे शेअर किती ते दोन दिवसांत सगळ्या आळीला कळलं. संस्थेनं काम काढून घेतलं नाही, पण पुढच्या वेळी दुसरीकडूनही कोटेशन मागवू असं स्पष्ट सांगितलं.

हे जे झालं ते कधी झालं, तर गणपतीच्या आठवड्यात. वार्षिक सभांचा सीझन म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबर, गणपती त्यातच, आणि गाळ्यातली निम्मी माणसं कोकणातली. एसटीचं बुकिंग आधीच झालेलं असतं, त्यात अण्णा सुट्टी नाही म्हणणार नाहीत आणि म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही. म्हणजे ज्या आठवड्यात मॅचिंगला सगळ्यात जास्त हात लागतात त्याच आठवड्यात हात गावाला. बदली माणसं आणली आणि सरकलं.

दुसरी अडचण तितकी दिसत नव्हती. बेस छापताना ऑफसेटला परवडावं म्हणून गरजेपेक्षा जास्त छापायचे. मग संचालक मंडळ बदलायचं, शाखेचा फोन नंबर बदलायचा, आणि उरलेली सगळी रीम रद्दीत. ताईनं एका वर्षाची रद्दी वेगळी ठेवायला लावली. तो ढीग बघून अण्णा गप्प बसले. माझ्या मते मशीन घ्यायचं त्या ढिगानं ठरवलं, चुकलेल्या पाकिटांनी नाही.

तिसरी गोष्ट अडचण म्हणून आलीच नाही, चौकशी म्हणून आली. एका लॅबच्या ठाणे ते पनवेल चौदा शाखा. त्यांना प्रत्येक शाखेचा वेगळा नकाशा, वेगळा नंबर, वेगळं पॅकेज, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा, आणि शाखेमागे हजार ते अडीच हजार पत्रं हवी होती. मोजा, १४ शाखा गुणिले २ भाषा म्हणजे २८ व्हर्जन, प्रत्येकी चार प्लेट (चार रंगांना एकेक) म्हणजे ११२ प्लेट, आणि प्रत्येक व्हर्जनला मशीन सेट करताना वाया जाणारा कागद वेगळाच. अण्णांनी हात जोडले. ते काम नवी मुंबईतल्या एका मोठ्या डिजिटल प्रेसला गेलं.

पर्याय

पहिला पर्याय, काहीच घ्यायचं नाही, असली कामं महापे-रबाळेकडच्या मोठ्या युनिटकडून जॉबवर करून घ्यायची. पैसा अडकत नाही. पण सभासदांचा डेटा बाहेर जातो आणि सीझनमध्ये मोठं युनिट आपलं काम शेवटी लावतं. हा पर्याय लवकर बाद झाला.

दुसरा, रंगीत टोनरचं मशीन. ओळखीचं तंत्र, कोटेड, म्हणजे चकचकीत कागदावरसुद्धा छान निघतं. पण हिशोब क्लिकवर, म्हणजे पानावर दोन ओळी असोत की पूर्ण फोटो, कंपनी रंगीत पानाचा एकच दर लावते. आणि यांची पानं बहुतेक मजकुराची, वर एक छोटा रंगीत लोगो. लोगोसाठी अख्ख्या रंगीत पानाचे पैसे द्यायचे, हे अण्णांच्या हिशोबात बसेना.

तिसरा, रोलवर चालणारं मोठं इंकजेट. याचा उल्लेख फक्त आकड्यासाठी करतो. २००८ च्या द्रुपा या जर्मनीतल्या छपाईच्या प्रदर्शनात एचपीनं जी पहिली वेब प्रेस (रोलवर चालणारं इंकजेट) दाखवली ती ३० इंच रुंदीचा कागद मिनिटाला १२२ मीटरनं ओढायची. त्यावर ए-फोरची तीन पानं शेजारी बसतात, म्हणजे एका बाजूची तासाला सत्तर हजारांच्या वर पानं. या गाळ्याचं नेहमीच्या महिन्याचं काम त्यात सकाळच्या चहापर्यंत संपलं असतं, मग उरलेला महिना मशीनसमोर बसून हप्ते मोजायचे.

खरी चर्चा उरलेल्या दोन पर्यायांत झाली. एक म्हणजे कन्व्हेयर पट्ट्यावर इंकजेटची हेड बसवायची. ऑफसेटचा बेस तसाच ठेवायचा, पण नाव-पत्ता-आकडा पळत्या कागदावर या हेडनं मारायचा. ही हेड थर्मल जातीची, म्हणजे नोझलमधला (शाई बाहेर पडायच्या छिद्रातला) बारीकसा हीटर शाईचा बुडबुडा करतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. शाई आणि नोझल एकाच कार्ट्रिजमध्ये, बिघडलं की कार्ट्रिज बदला, इंजिनिअरला फोन नाही. एका कार्ट्रिजची पट्टी अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटर, चार एकाखाली एक लावली की दोन इंच. पट्टा मिनिटाला ३० मीटर आणि कागद आडवा सोडला तर अंतर धरून एकाला २४ सेंटीमीटर लागतात, म्हणजे मिनिटाला १२५ पत्रं. लेझर कागदोपत्री मिनिटाला ६० द्यायचा.

दुसरं म्हणजे कट-शीट, सुट्या कागदांवर छापणारं इंकजेट. पांढरा कागद घाला, रंगीत लोगो, मजकूर, नाव, आकडा सगळं एकदम छापून बाहेर. बेस नाही, वाळवणं नाही, पत्र आणि फॉर्म पाठोपाठ एकाच ट्रेमध्ये. किंमत अर्थातच हेडच्या कितीतरी वर.

ताईला सरळ कट-शीट हवं होतं. अण्णांचं म्हणणं, ऑफसेट उभी आहे, तिचे हप्ते फिटलेत, तिला रिकामी बसवून नवीन कर्ज कशाला. मामांनी कोणाचीच बाजू घेतली नाही, फक्त विचारलं की पावसाळ्यात हे चालेल का. त्या दिवशी त्या प्रश्नाला कोणी किंमत दिली नाही.

काय केलं

आधी हेड घेतली. निर्णय अण्णांचा, आणि मला वाटतं तो क्रम बरोबर होता, कारण कमी पैशात शाई, कागद आणि डेटा या तिघांची भांडणं कळली.

गोरेगावला नेस्कोत प्रदर्शन होतं तिथे सगळ्यांनी डेमो दाखवले. थंडगार एसी हॉल, दुधासारखा पांढरा खास इंकजेटचा कागद, इंग्रजी पत्ते. ताईनं बॅगेतून स्वतःची ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोची, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाची गड्डी काढली, पेनड्राइव्हवर पतसंस्थेसारखीच पण खोट्या नावांची मराठी यादी होती, आणि म्हणाली यावर काढून दाखवा. दोन स्टॉलवाल्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. एकाने काढून दाखवलं आणि त्यात ‘किरण’ची वेलांटी क च्या नंतर येऊन बसलेली. सॉफ्टवेअरला देवनागरीची अक्षरं जुळवता येत नव्हती, एकेक चिन्ह आलं तसं ठेवत होतं. त्या एका प्रिंटनं यादी निम्मी झाली. असलं मशीन बघायला जाणाऱ्यांना माझा एवढाच सल्ला, आपला कागद आणि आपल्या भाषेतला डेटा घेऊन जा, फक्त खऱ्या माणसांची यादी नको.

हेड बसल्यावर पहिली मारामारी शिरोरेषेशी. कागद ज्या दिशेनं पळतो त्या दिशेनं प्रत्येक नोझल एक बारीक रेघ ओढत असतो. शेजारशेजारचे दोन-चार नोझल सुकून बंद पडले तर त्या दिशेनं एक पांढरी रेघ पडते. इंग्रजी पत्त्यात ती रेघ अक्षरांच्या मधून जाते आणि डोळा तिकडे जातही नाही. मराठीत ती नेमकी शिरोरेषेवर आली तर अख्ख्या ओळीची शिरोरेषा चिरते नाहीतर गायब होते, आणि कागद रद्दी. तसंच दोन कार्ट्रिजच्या जोडावर ओळ आली तर अक्षराचा वरचा भाग आणि खालचा भाग केसभर सरकतो. उपाय साधा निघाला पण सापडायला वेळ लागला: जोड नेहमी दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत येईल असा लेआउट बांधायचा, फाँट जाड शिरोरेषेचा घ्यायचा, आणि दर काही हजार पत्रांनंतर नोझल टेस्टची पट्टी काढून बघायची. शनिवारी संध्याकाळी कार्ट्रिज काढून, पुसून, टोपण लावून ठेवायची ड्युटी मामांनी स्वतःहून घेतली.

दोन इंचाच्या पट्टीत पत्रातलं सगळं बदलतं मटेरियल बसवायचं म्हणून पत्रच नव्यानं मांडलं. वर एकाच पट्ट्यात डावीकडे पत्ता, उजवीकडे सभासद क्रमांक आणि लाभांशाची चौकट, आणि पाकीट खिडकीवालं. पत्रावरचाच पत्ता बाहेर दिसतो, पाकिटावर वेगळं छापायलाच नको.

शाईचा निर्णय मात्र विचार करून घेतला गेला. डाय शाई स्वस्त आणि काळीभोर दिसते, पण तिचा रंग पाण्यात विरघळलेला असतो, ओली झाली की पसरते. पिगमेंट शाईत रंगाचे कण असतात, ते वाळून कागदावर बसले की पाण्याला बऱ्यापैकी टिकतात. यांची बहुतेक पत्रं पोस्टात पडतात ऑगस्टमध्ये, पोस्टमनच्या पिशवीत, दुचाकीवर, घोडबंदर रोडच्या पावसात. ताईनं दोन्ही शाईंचे नमुने ओल्या कापडी पिशवीत रात्रभर ठेवले. सकाळी डायच्या नमुन्यावर पिनकोडचा निळसर डाग उरला होता. पिगमेंट घेतली, महाग असूनही.

आणि मग जुलै. मामांचा प्रश्न. कागद हवेतली ओल पितो, कडा फुगतात, गड्डी लाटांसारखी होते, फीडर दोन-दोन कागद एकदम उचलतो, आणि मिनिटाला १२५ वाला हिशोब कागदावरच राहतो. छपाईच्या जागेत दमटपणा ५० टक्क्यांच्या आसपास असावा अशी कागदाची अपेक्षा असते, ठाण्यात जुलैत हवा ८० च्या वरच. पोटमाळ्यावर एका कोपऱ्याला पार्टिशन घालून एसी आणि डीह्युमिडिफायर लावला, रीम वापरायच्या आदल्या दिवशी आत आणायच्या पण वेष्टण छापायच्या वेळीच फोडायचं, जमिनीवर थप्पी नाही, लाकडी पॅलेटवर. हा खर्च मशीनच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

कट-शीट त्यानंतरच्या वर्षी आलं, सेकंडहँड, सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टसकट. तेलाच्या शाईचं मशीन निवडलं, कारण शाईत पाणी नाही म्हणून कागद वाकडा होत नाही आणि लगेच फोल्डिंगला टाकता येतो. रंग ऑफसेटइतके उठावदार येत नाहीत आणि पातळ कागदावर शाई मागच्या बाजूनं दिसते. आता इथे एक मजेशीर पेच आला. मागून दिसू नये तर कागद जाड हवा. पण पोस्टाचा साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा. ए-फोर कागद ८० जीएसएमचा असला तर ५ ग्रॅम, ९० चा असला तर ५.६. दोन पानं, पाच ग्रॅमचं पाकीट आणि लॅबचं ए-फाइव्ह आर्टपेपरचं १३० जीएसएमचं पत्रक, जे ४ ग्रॅम भरतं. ८० जीएसएमवर एकूण १९ ग्रॅम, ९० वर २० च्या थोडं वर, म्हणजे प्रत्येक पाकिटाला पुढच्या टप्प्याचं तिकीट. पावसाळ्यात कागद ओल पिऊन अजून थोडा जड होतो ते वेगळं. ८० वर ठरलं, आणि मागून दिसणं कमी करायला गडद रंगाचे मोठे ठोकळे डिझाइनमधून काढले. लॅबच्या डिझायनरला हे आवडलं नाही, पण हिशोब बघून तो गप्प झाला.

त्या गडद ठोकळ्यांचं दुसरंही गणित आहे. ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), थेंब १० पिकोलिटरचा धरला, तर ए-फोर पान एका रंगानं पूर्ण भरायला साधारण ०.३५ मिलिलिटर शाई लागते. साध्या पत्रात ५ टक्के भरणा, म्हणजे ०.०१७. तीन रंगांत अर्धं पान भरलेलं डिझाइन असेल तर ०.५२, जवळपास तीसपट. टोनरच्या क्लिकमध्ये हा फरक कंपनी गिळते, इंकजेटमध्ये तुम्ही. सुरुवातीला अण्णांनी जुन्या सवयीनं पानावर दर दिला आणि एका रंगीत कामात शाईतच नफा बुडाला. आता डिझाइन आलं की सॉफ्टवेअरमधून शाईचा अंदाज काढल्याशिवाय दर जात नाही.

डेटाचं काम माझ्या वाट्याला आलं. जुन्या संस्थांच्या याद्या जुन्या मराठी फाँटमध्ये, युनिकोडच्या आधीच्या. त्या युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं सगळ्यात जास्त बिघडतात, ते डोळ्यांनीच बघावं लागतं. मग पिनकोड. ही सहा आकड्यांची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे, पहिले तीन आकडे सॉर्टिंगचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारं पोस्ट ऑफिस सांगतात. यादीत खारघरसमोर ४००७०३ लिहिलेलं दिसलं की थांबायचं, तो वाशीचा आहे, खारघर ४१०२१०. छपाईआधीच यादी पिनप्रमाणे लावली की पत्रं त्याच क्रमानं बाहेर येतात, त्याच क्रमानं भरली जातात आणि पोस्टात गठ्ठे पिनवार बांधूनच जातात. पूर्वी हे मॅचिंगमध्ये विस्कटायचं आणि शेवटी पुन्हा लावायला लागायचं.

निकाल

मॅचिंगचं टेबल बंद झालं. ज्या बायका ते करायच्या त्यांतल्या दोघींना काम सोडावं लागलं, बाकीच्या भरणीवर आणि परत आलेल्या पाकिटांवर गेल्या. हे लिहायलाच हवं, कारण वाढीच्या गोष्टीत ते सहसा गाळतात.

चौदा शाखांवाली लॅब परत आली. तिचं काम दर महिन्याचं आहे, त्यामुळे आता सगळं ऑगस्ट-सप्टेंबरवर अवलंबून नाही, माझ्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोठा फायदा. पतसंस्थांमध्येही शाखेप्रमाणे वेगळा मजकूर, ज्येष्ठ सभासदांना मोठ्या अक्षरात, असं मागायला लागलेत कारण त्याला वेगळ्या प्लेट लागत नाहीत हे त्यांना कळलंय.

जे कोणी ठरवलं नव्हतं ते परत येणाऱ्या पाकिटांतून आलं. प्रत्येक पत्रावर वेगळा क्यूआर कोड छापणं इंकजेटला फुकटात जमतं, तो खिडकीतून दिसेल असा ठेवला. पाकीट परत आलं की स्कॅन करायचं आणि पोस्टमननं लिहिलेला शेरा निवडायचा: घर सोडून गेले, पत्ता अपुरा, दार बंद, घेण्यास नकार. महिन्याच्या शेवटी संस्थेला तयार यादी जाते. नवे क्लायंट विचारत येतात ते बहुतेक या यादीसाठी, छपाईसाठी नाही. (मॅपलिथोवर शाई थोडी पसरते, त्यामुळे कोड दोन सेंटीमीटरपेक्षा लहान केला की चौकोन एकमेकांत मिसळतात आणि स्कॅनर रुसतो.)

डिसेंबर २०२४ मध्ये शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं नियम बदलला. ज्या भागधारकांचा ईमेल नोंदलेला नाही त्यांना लिस्टेड कंपनीनं वार्षिक अहवालाची वेबलिंक असलेलं पत्र पाठवायचं. एक पान, प्रत्येकाचं नाव आणि फोलिओ (भागधारकाचा खाते क्रमांक) वेगळा, कव्हर खिडकीचं. असं एक काम जॉबवर मिळालं आणि ते या मशीनसाठीच बनवल्यासारखं होतं.

सगळंच जमलं असंही नाही. गाड्यांचा डीलर व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तो गेलाच. ज्वेलरला १३० जीएसएमचा चकचकीत आर्टपेपरच हवा, आणि त्यावर यांची शाई आत शिरत नाही, वर तशीच राहते आणि बोटाला लागते. त्याचं कार्ड ऑफसेटवरच, नाव घातलेलं पत्र वेगळ्या साध्या कागदावर इंकजेटनं, दोन्ही एका पाकिटात. त्यामुळे ऑफसेट रिकामी बसली नाही, आणि अण्णा हे दर दिवाळीला ऐकवतात.

वेगळं काय करता आलं असतं

खिडकीचं पाकीट घ्यायला कुठल्याच मशीनची गरज नव्हती. एका पानाच्या कामात मॅचिंगचा निम्मा त्रास त्यानं लेझरवरसुद्धा कमी झाला असता. पाकिटामागे थोडे पैसे वाचवायचे म्हणून ते कित्येक वर्षं टाळलं गेलं, नाहीतर लाभांशाच्या त्या सरकलेल्या पत्रांत दुसऱ्याचा पत्ता येण्याचा प्रश्नच आला नसता.

डेटा बघणारा माणूस मशीनच्या आधी हवा होता. मी बाहेरून येतो, सीझनमध्ये माझ्याकडे दुसरीही कामं असतात, आणि मशीन यादी साफ व्हायची वाट बघत उभं राहिल्याचे दिवस आलेत. आता ताई गाळ्यातल्याच एका मुलीला शिकवतेय.

डेमो जानेवारीत बघितला. जुलैत दहा हजार पत्रांचं खरं काम कोणाच्या तरी चालू मशीनवर काढून बघितलं असतं तर डीह्युमिडिफायरचा खर्च आधीच कर्जात धरता आला असता.

प्रूफची सवय अजून वाईट आहे. क्लायंटला यादीतली पहिली दहा पत्रं दाखवतात, ती नेहमी बरोबरच असतात. दाखवायची ती सगळ्यात लांब नावाची, पाच ओळींच्या पत्त्याची, रिकाम्या रकान्याची, आणि ज्यांच्या नावामागे यादीत कै. लागलंय तरी पत्र श्री. म्हणून निघतंय अशी. ही यादी आम्ही आता वेगळी काढतो आणि त्यावरच सही घेतो. काम संपल्यावर आणि परतीची पाकिटं नोंदवून झाल्यावर डेटा खोडायचा, आणि खोडल्याचं संस्थेला लेखी द्यायचं, हेही त्याच कागदावर आलंय. २०२३ च्या डेटा कायद्यानंतर मोठे क्लायंट ते विचारतातच.

सध्याचा अडथळा भरणीचा आहे. छपाई पुढे पळते आणि पाकिटं हातानंच भरली जातात, त्यामुळे गणपतीच्या आठवड्यात पत्रं छापून तयार आणि टेबलावर माणसं नाहीत. पाकिटं भरणाऱ्या इन्सर्टिंग मशीनची दोन कोटेशनं आलीत, एक साधं, एक कोड वाचणाऱ्या कॅमेऱ्याचं. ताई म्हणते कॅमेरा नसेल तर दोन पानांच्या कामात पुन्हा एक पान सरकण्याची भीती तशीच. अण्णा म्हणतात पानं क्रमानंच येतायत तर कॅमेरा काय बघणार. मामांनी यावेळीही एकच विचारलंय, ओला कागद ते मशीन उचलेल का, आणि यावेळी ताईनं तो प्रश्न कोटेशनवर पेनानं लिहून ठेवलाय, जुलैत ट्रायल दिल्याशिवाय ॲडव्हान्स नाही म्हणून.